अर्ध्या वाटेवर अडकलेल्या पेशी

शार्लट फ्रेंड यांच्या प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीच्या तळाशी बसलेला पेशींचा थर लाल झाला होता. एरवी तो मळकट पांढरा असे. उंदराच्या रक्ताच्या कर्करोगातून, म्हणजे ल्युकेमियातून काढून काचेच्या बशांमध्ये वाढवलेल्या या पेशींना एकच काम येत होतं, एकीच्या दोन होत राहायचं. पण त्या ज्या द्रवात वाढत होत्या त्यात दोनेक टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड मिसळलं आणि चार-पाच दिवस जाऊ दिले, की त्याच पेशी हिमोग्लोबिन बनवायला लागत. डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ, हे साधं द्रावक आहे, लाकडाचा लगदा करणाऱ्या उद्योगातून पुढे आलेलं. कर्करोगावरचं औषध म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातून १९७१ साली फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं.

हिमोग्लोबिन बनवणं हे तांबड्या पेशीचं काम. म्हणजे कर्करोगाची पेशी आपला सोडून दिलेला धंदा पुन्हा करू लागली होती, आणि तो करू लागताच तिचं दुभागणंही थांबत होतं. कर्करोगाची पेशी एकदा बिघडली की बिघडली, तिला मारणं हाच उपाय, असं ज्या काळात जवळजवळ सगळे मानत होते त्या काळातली ही गोष्ट आहे. फ्रेंड यांना अविश्वासाची सवय होती. प्रौढ उंदरांना विषाणूमुळे ल्युकेमिया होऊ शकतो, हे त्यांनी १९५६ साली अमेरिकेतल्या कर्करोग संशोधकांच्या सभेत मांडलं तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. तो विषाणू आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्या लाल थराचं महत्त्व कळायला रक्त कसं तयार होतं ते थोडं पाहावं लागेल. आपल्या हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात. त्यांच्याबरोबर पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिकाही. या साऱ्यांचं मूळ एकच, मज्जेतल्या थोड्याशा मूलपेशी. मूलपेशीची लेक, तिची लेक अशी पिढ्यान्‌पिढ्या वाट फुटत जाते. कुणी तांबडी होते, कुणी जंतू गिळणारी न्यूट्रोफिल होते, कुणी मोनोसाइट होते. दर पिढीला पेशी थोडी अधिक पक्व होते आणि तिची दुभागण्याची ताकद थोडी कमी होते. पूर्ण वाढलेली न्यूट्रोफिल दुभागत नाही. आपलं काम करते आणि थोड्याच दिवसांत मरते. पक्व होत जाण्याच्या या प्रवासाला शास्त्रात विभेदन म्हणतात.

तीव्र ल्युकेमियात हा प्रवास मध्येच तुटतो. पेशी ‘वेगाने वाढते’ असं आपण सहज म्हणतो, पण खरा घोटाळा तिच्या मोठी न होण्यात आहे. ती वयात येत नाही, म्हणून मरतही नाही, आणि दुभागत राहते. मज्जेत अशा कच्च्या पेशींची गर्दी झाली की चांगल्या पेशींना जागा उरत नाही. रोग्याला पंडुरोग होतो, जंतुसंसर्ग होतात, रक्तस्राव होतो. पण या कच्च्या पेशींमध्येही पक्व होण्याची माहिती शाबूत असेल का? इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले लिओ साक्स साठ-सत्तरच्या दशकांत हेच आग्रहाने सांगत होते, की अनेक ल्युकेमिया पेशींना योग्य इशारा मिळाला तर त्या सरळ मार्गाला लागतात.

माणसाच्या पेशींवर हे तपासण्याची सोय १९७७ साली झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन कॉलिन्स, रॉबर्ट गॅलो आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या एका स्त्रीच्या रक्तातून पेशींचा एक वाण तयार केला, एचएल-६०. हा वाण प्रयोगशाळेत अखंड वाढत राहतो, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. त्याचं वैशिष्ट्य असं, की तुम्ही त्याला कोणतं रसायन देता यावर तो काय होणार हे ठरतं. डीएमएसओ दिलं की पेशी न्यूट्रोफिलच्या दिशेने जातात. १९८० साली थिओडोर ब्राइटमन यांच्या गटाने दाखवलं की अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल अगदी सूक्ष्म मात्रेतही तेच करतं. ड जीवनसत्त्वाचं क्रियाशील रूप दिलं तर पेशी मोनोसाइट होतात. फॉर्बोल एस्टर नावाचं रसायन दिलं तर त्या बशीच्या तळाला चिकटून बसतात आणि भक्षक पेशींसारख्या पसरतात. चार रसायनं आणि एकाच पेशीला तीन भवितव्यं.

पेशी खरंच पक्व झाली की नुसती दिसायला बदलली, हे पाहायची एक सुरेख चाचणी आहे. पूर्ण वाढलेली न्यूट्रोफिल जंतू मारायला ऑक्सिजनचे तिखट रेणू सोडते. पेशींना एनबीटी नावाचा पिवळसर रंग दिला, की या रेणूंमुळे तो पेशीच्या आतच गडद निळा होऊन साचतो. कच्च्या पेशी फिक्याच राहतात. रेटिनॉइक आम्लात पाच दिवस ठेवलेल्या एचएल-६० सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, की काळ्यानिळ्या कणांनी भरलेल्या पेशी नजरेला पडतात. जंतू मारण्याचं हत्यार त्यांच्या हाती आलेलं असतं.

हे हत्यार आलं कुठून? बाहेरून दिलेल्या रेणूत ते नव्हतं. ते पेशीच्या जनुकांत आधीपासून लिहिलेलं होतं. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एकच पोथी असते, प्रथिनं बनवायच्या सुमारे २० हजार कृती असलेली. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळ्या, कारण त्या या पोथीतले वेगवेगळे अध्याय वाचतात. जनुक वाचलं जाणं, म्हणजे त्याची आरएनएमध्ये नक्कल होऊन त्यावरून प्रथिन तयार होणं, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी घट्ट, तिथलं पान उघडत नाही. रिळांवर अॅसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट बसले की गुंडाळी सैल होते. ते गट काढून टाकणारी विकरंही पेशीत असतात आणि त्यांनी काम केलं की पान पुन्हा मिटतं. एचएल-६०मध्ये मिक नावाच्या जनुकाच्या अनेक जादा प्रती असतात. पेशीला दुभागायला लावणारं हे जनुक, त्याचं पान सतत उघडं. विभेदन करणारं रसायन दिलं की मिकचं वाचन झपाट्याने खाली येतं, आणि न्यूट्रोफिलच्या कामाची पानं एकेक उघडू लागतात.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या चकतीएवढ्या जागेत हजारो जनुकांचं वाचन एकाच वेळी मोजणारी मायक्रोअॅरे आली, तेव्हा या वाटचालीचा पूर्ण नकाशा काढता येऊ लागला. त्यातला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. सुई ह्वांग, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एचएल-६० पेशींचे दोन वाटे केले. एकाला डीएमएसओ दिलं, दुसऱ्याला रेटिनॉइक आम्ल, आणि अडीच हजारांहून अधिक जनुकांचं वाचन दिवसामागून दिवस मोजत राहिले. सुरुवातीला दोन्ही वाटे एकमेकांपासून लांब गेले. एकात जी जनुकं चढली ती दुसऱ्यात चढली नाहीत. पण दिवस उलटले तसे दोन्ही आकृतिबंध जवळ येत गेले आणि शेवटी न्यूट्रोफिलपाशी येऊन मिळाले. वारी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरला वेगळ्या होतात. एक दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडे जाते, दुसरी लोणी काळभोर-यवतवरून इंदापूरकडे. आणि पंढरपुराच्या अलीकडे वाखरीला दोन्ही पुन्हा भेटतात. डीएमएसओ आणि रेटिनॉइक आम्ल हे रेणू एकमेकांसारखे अजिबात नाहीत. तरी मुक्काम एक, कारण तो मुक्काम रेणूने ठरवलेला नाही. जनुकं एकमेकांना चालू-बंद करतात त्या जाळ्यातच तो आहे. रसायन पेशीला जागेवरून हलवतं, पुढची वाट तिला स्वतःला ठाऊक असते.

पण बशीतल्या पेशी आणि माणूस यांत फार अंतर आहे. ते ओलांडलं गेलं शांघायमध्ये.

तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा आजार नॉर्वेच्या लाइफ हिलेस्टाड यांनी १९५७ साली वेगळा ओळखला. मोठ्या माणसांना होणाऱ्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियांपैकी साधारण दहात एक या प्रकारचा. यात पेशी प्रोमायलोसाइट या पायरीवर अडकतात. त्यांच्या पोटात कणांचा गच्च साठा असतो आणि त्यातून रक्त गोठण्याची यंत्रणा पार कोलमडते. रोगी मेंदूतल्या रक्तस्रावाने दोन-चार दिवसांत जाऊ शकतो. पेशी मारणारी औषधं दिली, तर फुटलेल्या पेशींमुळे रक्तस्राव आणखी भडकण्याची भीती. ल्युकेमियातला हा सर्वांत घाईने मारणारा प्रकार मानला जाई.

शांघायच्या रुईजिन इस्पितळात वांग झेनयी आणि त्यांचे सहकारी रेटिनॉइक आम्लाचं ऑल-ट्रान्स हे रूप, एटीआरए, या पेशींवर बशीत तपासत होते. १९८५ साली त्यांनी ते पाच वर्षांच्या एका मुलीला दिलं. नेहमीच्या औषधांनी तिला गुण आला नव्हता. ती बरी झाली. १९८८ साली त्यांच्या गटाने २४ रोग्यांची हकिगत ‘ब्लड’ या नियतकालिकात छापली. चोविसांच्याही शरीरातला आजार मागे हटला होता, आणि त्यांतल्या २३ जणांना दुसरं कोणतंही कर्करोगाचं औषध द्यावं लागलं नव्हतं. औषध गोळीच्या रूपात तोंडाने घ्यायचं. केस गळाले नाहीत, मज्जा रिकामी पडली नाही. रोग्यांच्या रक्तात अर्धवट पक्व, मग पूर्ण पक्व न्यूट्रोफिल दिसू लागल्या आणि त्या आपलं आयुष्य संपवून गेल्या.

हे का घडलं, याचं उत्तर औषधानंतर मिळालं. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७७ सालीच दाखवलं होतं की या आजारात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होऊन बसलेले असतात. १९९०च्या आसपास फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या गटांनी तो सांधा वाचला तेव्हा सगळ्यांनाच धक्का बसला. १७व्या गुणसूत्रावरचं तुटलेलं जनुक होतं रेटिनॉइक आम्लाच्याच ग्राहक प्रथिनाचं, आरएआर-अल्फाचं. पोथीतल्या दोन अध्यायांची पानं फाटून चुकीची शिवली जावीत, तसं ते पीएमएल नावाच्या जनुकाला जोडलं गेलं होतं. जे कुलूप बिघडलं होतं, त्याचीच किल्ली शांघायच्या डॉक्टरांनी आधी लावून पाहिली होती.

निरोगी पेशीत आरएआर-अल्फा हा डीएनएवर बसलेला पहारेकरी असतो. रेटिनॉइक आम्ल नसेल तेव्हा तो अॅसिटिल गट काढणाऱ्या विकरांना जवळ ठेवतो आणि पानं मिटलेली राहतात. रक्तात नेहमी असणारं थोडंसं रेटिनॉइक आम्ल त्याला चिकटलं की तो आकार बदलतो, त्या विकरांना सोडतो, पानं उघडणाऱ्या प्रथिनांना बोलावतो. जोडलेल्या प्रथिनाला मात्र ही नेहमीची मात्रा पुरत नाही. ते पानं दाबून धरतं आणि पेशी प्रोमायलोसाइटवरच थांबते. एटीआरएच्या गोळ्यांनी ती मात्रा कितीतरी पट वाढली की दाब सुटतो. शिवाय ते जोडप्रथिन पेशीच्या कचराकुंडीत जाऊन नष्टही होतं.

एटीआरए एकटं दिलं तर आजार बहुतेकांत काही महिन्यांनी परततो. पेशी मोठ्या झाल्या म्हणजे रोग मुळातून गेला असं होत नाही. ऊग द ते यांच्यासारख्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की जोडप्रथिन नष्ट व्हावं लागतं, तेव्हाच रोगाला नवा जन्म देणाऱ्या पेशी संपतात. म्हणून सुरुवातीची बरीच वर्षं एटीआरएबरोबर नेहमीची केमोथेरपी दिली जाई. ती मागे पडली दुसऱ्या एका औषधामुळे, आणि ते औषध आपल्याला फार जुन्या काळापासून विष म्हणून ठाऊक आहे.

सोमल. म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. ईशान्य चीनमधल्या हार्बिन इथे झांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यातल्या एका पारंपरिक मिश्रणाचा अभ्यास केला. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष होतं. एकेक घटक वगळत गेल्यावर सोमलच गुण देतं असं दिसलं. नव्वदच्या दशकात चेन झू यांच्या शांघायमधल्या गटाने ते पेशीत काय करतं ते उलगडलं. एटीआरए जोडप्रथिनाच्या आरएआर बाजूला चिकटतं, आर्सेनिक पीएमएल बाजूला, आणि दोघं मिळून त्याचा निकाल लावतात. पोथीत चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासत आणि वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणं’ हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळही आर्सेनिकचंच खनिज आहे, त्याचं गंधकाबरोबरचं रूप. चुकीच्या शिवलेल्या पानावर आर्सेनिक फिरतं तेव्हा मला दरवेळी ती पिवळी बोटं आठवतात.

इटलीचे फ्रान्चेस्को लो-कोको यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, फार धोका नसलेल्या रोग्यांत, एटीआरए आणि आर्सेनिक घेणाऱ्यांपैकी ९७ टक्के दोन वर्षांनंतर रोगाची पुनरावृत्ती वा मृत्यू यांपासून मुक्त होते. एटीआरए आणि केमोथेरपी घेणाऱ्यांत हा आकडा ८६ टक्के होता. भारताचाही यात वाटा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९९८पासून ७२ नव्या रोग्यांना केवळ आर्सेनिक दिलं. खर्च कमी ठेवणं हा तिथे टाळता न येणारा प्रश्न होता. सुमारे ८६ टक्के रोग्यांत आजार मागे हटला, आणि त्यांतल्या बहुतेकांत तो तसाच राहिला. गरीब देशातून आलेला हा अभ्यास जगाने गंभीरपणे वाचला याचं मला समाधान आहे.

मग उरलेल्या ल्युकेमियांचं काय? तिथे कुलूप कोणतं हेच अनेकदा ठाऊक नव्हतं. बोस्टनमध्ये किंबर्ली स्टेगमायर आणि टॉड गोलब यांच्या गटाने २००४ साली एक वेगळी वाट काढली. कुलूप ठाऊक नसेना का, उघडलेलं दार कसं दिसतं ते तर ठाऊक आहे. पक्व पेशीत जी मोजकी जनुकं वाचली जातात त्यांची एक ओळखखूण त्यांनी ठरवली, एचएल-६० पेशींवर १,७३९ रसायनं टाकून पाहिली, आणि ती खूण कोणत्या रसायनाने उमटते ते तपासलं. आठ रसायनं भरवशाची निघाली. जनुकांचं वाचन इथे औषध शोधण्याचं साधनच झालं.

फ्रेंड यांच्या लाल थरालाही पुढे फळ आलं. डीएमएसओपेक्षा प्रभावी रेणूंच्या शोधात पॉल मार्क्स, रिचर्ड रिफकिंड आणि रसायनतज्ज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी वर्षानुवर्षं नवे रेणू बनवले. त्यातून व्होरिनोस्टॅट आलं. ते अॅसिटिल गट काढणाऱ्या विकरांनाच अडवतं, हे नंतर लक्षात आलं. २००६ साली त्वचेच्या एका लिम्फोमासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. निरीक्षणापासून औषधापर्यंत ३५ वर्षं. तो दिवस पाहायला फ्रेंड नव्हत्या. त्या १९८७ साली लिम्फोमानेच गेल्या.

अलीकडची औषधं याच वाटेची आहेत. काही मायलॉइड ल्युकेमियांत आयडीएच नावाचं विकर बिघडतं आणि एक विचित्र आम्ल बनवू लागतं. ते साचलं की पानं उघडणारी यंत्रणा गुदमरते. ते विकर रोखणाऱ्या एनासिडेनिब आणि आयव्होसिडेनिब या गोळ्या २०१७ आणि २०१८ साली आल्या. त्या घेणाऱ्या काही रोग्यांना अचानक ताप आला, धाप लागली, फुप्फुसांत पाणी झालं. एटीआरएच्या रोग्यांत हेच घडताना डॉक्टरांनी आधी पाहिलं होतं. एकाच वेळी कोट्यवधी पेशी मोठ्या होतात आणि ऊतींत शिरतात, त्याचा हा परिणाम. वेळेवर डेक्सामेथासोन दिलं तर तो आटोक्यात येतो. पण इथलं यश प्रोमायलोसायटिक प्रकाराच्या जवळपासही नाही. या रोग्यांच्या पेशींत एकाहून अधिक बिघाड असतात आणि एक दार उघडलं तरी दुसरं बंद असतं. ‘पेशींना सुधारणारी गोळी’ अशा मथळ्यांकडे म्हणूनच जपून पाहावं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणजे एटीआरए नव्हे, आणि घरच्या घरी किंवा वैदूकडून घेतलेलं सोमलाचं भस्म म्हणजे शिरेतून मोजून दिलं जाणारं आर्सेनिक नव्हे. आर्सेनिकमुळे हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ते चालू असताना ईसीजी आणि रक्तातले क्षार पुन्हा पुन्हा तपासले जातात.

आणि दुसरी. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात आज माणसं दगावतात ती बहुधा पहिल्या काही दिवसांत, उपचार सुरू होण्याआधी किंवा नुकते सुरू झाल्यावर, रक्तस्रावाने. कारण नसताना हिरड्यांतून वा नाकातून रक्त थांबत नसेल, अंगावर निळे डाग किंवा टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठत असतील, पाळीचा स्राव एकाएकी फार वाढला असेल, तर रक्ताची साधी तपासणी आणि सूक्ष्मदर्शकाखालचा स्मिअर त्याच दिवशी करून घ्या. स्मिअर पाहून शंका आली तर गुणसूत्रांच्या अहवालाची वाट पाहायची नसते. एटीआरएची पहिली गोळी त्याच दिवशी सुरू करायची असते.